इजिप्तमधील लक्सरला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि नाईलच्या पश्चिम तीरावरील राजांच्या खोऱ्यात, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांची थडगी असलेल्या दरीत, सकाळी फाटक उघडतानाच पोहोचावे, कारण पुढे पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या की थडग्यांच्या अरुंद वाटांत फार कोंदटते. साध्या तिकिटात तीनच थडगी पाहता येतात; तुतानखामुन आणि पहिला सेती या राजांच्या थडग्यांना वेगळे तिकीट लागते. माझ्या मते जादा पैसे सेतीसाठी मोजावेत, कारण तुतानखामुनची ममी खोऱ्यातच असली तरी थडगे लहान आहे व खजिना कैरोला गेला आहे, तर सेतीच्या थडग्यातील रंगीत कोरीवकाम पाहताना वेळेचे भान राहत नाही. रखवालदार आपणहून काही दाखवू लागला, तर त्याला बक्षिशी अपेक्षित असते. म्हणून सुट्या नोटा जवळ बाळगाव्यात किंवा सुरुवातीलाच नम्रपणे नकार द्यावा.