कंपनीचे हिशोब परदेशी क्लाउडवर आहेत, पण सर्व्हर मुंबईत आहे. मग डेटा आपल्या ताब्यात आहे असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची पुण्यात छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, हिशोब इंटरनेटवरून चालणाऱ्या एका परदेशी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे क्लाउडवर आहेत आणि विकणारा म्हणतो, "आमचा सर्व्हर मुंबईतच आहे, निर्धास्त राहा." तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, असं मी म्हणेन. का ते सांगतो.

मी इचलकरंजीत गेली बावीस वर्षं छोट्या कंपन्यांचे हिशोब आणि जीएसटी बघतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ग्राहकानं आधी स्वतः मंजुरी नोंदवल्याशिवाय पैसे कापले जाईनात. आमच्या एका सूत व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर परदेशी होतं आणि त्याची महिन्याची फी अशीच कार्डावरून जायची. ती गेली नाही. आठवणीचे मेल येत होते, पण नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. १८ तारखेला मी लॉगिन केलं तर समोर फक्त पैसे भरायचं बटण. दोन कार्डं चालवून पाहिली, दोन्ही नाकारली गेली. मदतीला फोन लावावा तर त्यांच्याकडे मध्यरात्र. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं होतं, ते राहिलं. विलंब शुल्क भरलं, १८ टक्क्यांनी व्याजही भरलं.

पण खरा धक्का खातं परत उघडल्यावर बसला. मी म्हटलं, आता सगळं बाहेर काढून ठेवू. खतावणी एक्सेलमध्ये आली, रोजकीर्द आली, खरेदीच्या बिलांचे फोटो मात्र आले नाहीत. ते एकेका नोंदीत शिरून एकेक उतरवायचे. अकराशेच्या वर बिलं होती. ऑफिसातला एक मुलगा तीन आठवडे संध्याकाळी तेच करत बसला. मूळ कागद कुठे आहेत विचारलं तर मालक म्हणाले, "स्कॅन झाले म्हणून रद्दीत दिले." सुताच्या गाठींच्या वजनाच्या चिठ्ठ्यासुद्धा गेल्या होत्या. हे मी अजून विसरलेलो नाही, कारण स्कॅन करायला मीच सांगितलं होतं.

त्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर मुंबईत असता तरी त्या दिवशी काहीही वेगळं घडलं नसतं. म्हणून मी सर्व्हरच्या पत्त्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण तुम्ही कंपनी आहात आणि तुम्हाला तो पूर्ण लागू आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाच्या वह्या, व्हाउचरांसकट, किमान ८ आर्थिक वर्षं जपायच्या. २०१४ च्या लेखा नियमांतल्या नियम ३ नुसार इलेक्ट्रॉनिक वह्या भारतात कायम उघडता आल्या पाहिजेत आणि त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर हवा. आधी हा बॅकअप ठरावीक काळानं चालायचा, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजचा झाला. सेवा देणारा कोण, तो कुठे आहे, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा सर्व्हरचा क्रमांक) काय, हे दरवर्षी ताळेबंद दाखल करताना कंपनी रजिस्ट्रारला कळवायचं. सेवा देणारा भारताबाहेरचा असेल तर या वह्या भारतात कुणाच्या ताब्यात आहेत त्याचं नाव-पत्ता द्यायचा. तुमच्या फॉर्ममध्ये तिथे कुणाचं नाव आहे ते आज बघा. बहुतेक छोट्या कंपन्यांत संचालकाचंच असतं आणि त्याला ते माहीतही नसतं. कलम मोडलं तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे आणि तो जबाबदार माणसाला होतो.

विकणाऱ्याचं "सर्व्हर मुंबईत" हे वाक्य यातलं एक पोटकलम भागवतं, तेवढंच. शिवाय कंपनी अमेरिकी असेल तर तिथल्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिच्या ताब्यातला डेटा, मग तो जगात कुठेही ठेवलेला असो, तिथली यंत्रणा रीतसर आदेशानं मागू शकते.

आणि दार बंद होणं ही फक्त छोट्यांची अडचण नाही. गुजरातेत वाडिनारला नायरा एनर्जीची मोठी रिफायनरी आहे, तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेले असताना आमचाच डेटा आम्हाला मिळत नाही, असं नायराचं म्हणणं होतं. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मग सेवा परत सुरू झाल्या. भारतातली कंपनी, भारतातला धंदा, आणि निर्णय झाला ब्रुसेल्समध्ये. त्यांच्याकडे उच्च न्यायालयात उभे करायला वकील होते. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीकडे फक्त ३बीची २० तारीख असते.

भांडण नसतानाही सेवा जाऊ शकते. क्विकबुक्स या परदेशी हिशोबाच्या सॉफ्टवेअरनं २०२३ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला. आगाऊ सूचना दिली होती, पण वह्या ८ वर्षं जपायची जबाबदारी कंपन्यांचीच राहिली.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याचा माग, जो बंद करता येत नाही. तो जपून ठेवलाय का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. तुम्ही डेटा एक्सेलमध्ये काढून दुसरीकडे गेलात तर नोंदी येतील, पण हा माग बहुधा मागेच राहील. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी विकणाऱ्याकडून लेखी घ्या की बदलांचा इतिहास आणि जोडलेली बिलं कुठल्या स्वरूपात मिळतील आणि खातं बंद झाल्यावर किती दिवस मिळतील. तोंडी "होईल हो सर" चालवून घेऊ नका.

टॅलीसारखं आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. ताबा राहतो, हे खरं. पण २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे दुकानांतले कॉम्प्युटर पाण्याखाली गेलेले मी पाहिलेत, बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. जीएसटीचा नियम ५७ सांगतो की अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी गेल्या तरी वाजवी मुदतीत परत उभ्या करता येतील असा बॅकअप हवा. तेव्हा क्लाउड सोडा असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः वापरतो.

फक्त एवढं करा. मुख्य लॉगिन कंपनीच्या मेलवर घ्या, कुणा माणसाच्या नको. फी वर्षाची एकदम भरा. दर महिन्याला ३बी भरून झालं की बिलांसकट सगळा डेटा उतरवून दोन डिस्कवर ठेवा, एक ऑफिसात, एक घरी. आणि येत्या रविवारी इंटरनेट बंद करून त्या डिस्कवरून मागच्या वर्षीचं कुठलंही एक खरेदी बिल शोधून दाखवा म्हणून अकाउंटंटला सांगा. नोंद, बिलाचा फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा, तिन्ही मिळाले तर ठीक. नाही मिळालं तर काय राहिलंय ते इथे कळवा, मी बघून सांगतो.