इंग्लंडमध्ये कालव्यावरची जुनी लाकडी नॅरोबोट, म्हणजे लांबलचक अरुंद बोट, स्वस्तात मिळतेय. घेऊन दुरुस्त करावी का? किती खर्च येईल?

घ्या. पण विकणारा "दोन वर्षं काठावर आहे, एकदम कोरडी" असं कौतुकाने सांगायला लागला, तर तिथूनच मागे फिरा.

मी आणि भाऊजींनी निम्म्या-निम्म्या भागीत एक बटी घेतली होती, म्हणजे इंजिन नसलेली, मोटरबोटीमागे ओढायची बोट. रिकमन्सवर्थ गावच्या वॉकर्स या बोट बांधणाऱ्यांनी १९३० च्या दशकात बांधलेली, लांबी ७० फुटांवर, रुंदी ७ फूट. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, माल ट्रककडे गेला तो गेलाच, आणि अशा कितीतरी बोटी बेवारस झाल्या. आमची कडेपर्यंत पाण्यात बसलेली. मला बघवेना. तिथला म्हातारा सुतार मात्र म्हणाला, नशीबवान आहात.

कारण तळ एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाचा. दोन-तीन इंच जाड फळ्या, आडव्या टाकलेल्या. एल्म कायम पाण्याखाली असला तर वर्षानुवर्षं टिकतो. लंडनमध्ये एके काळी पाण्याचे नळसुद्धा एल्मची खोडं पोखरून करत. त्याला मारतं ते ओलं-सुकं, ओलं-सुकं.

पाणी उपसलं, बोट तरंगली, यार्डात आणली. इथे भाऊजी मधे पडले. "ओल्या लाकडाला हात लावायचा नसतो." वीस वर्षं पूल बांधलेला माणूस, मी काय बोलणार! क्रेन बोलावली, बोट काठावर. त्या वर्षी नेमका कडक उन्हाळा. ऑगस्टात आत उभं राहून मी पाउंडाचं नाणं तळाच्या फटीत सोडलं, ते खाली गवतावर पडलं.

भाऊजी आजही म्हणतात, लाकूड आधीच गेलेलं. मुळीच नाही. त्यातला एक तुकडा माझ्या शेडमध्ये आहे. भेगा आहेत, पण सुरी टोचली तर टोकसुद्धा आत जात नाही. कुजलेलं लाकूड असं असतं का?

नव्या फळ्या म्हणाल तर १९६० च्या अखेरीपासून रोगाने इथले एल्म साफ झालेत, तेव्हा ओकवर भागवायचं. फटींत दोर ठासून वरून चॅलिको लावतात, म्हणजे डांबर, जनावराचे केस आणि घोड्याची लीद, सगळं गरमागरम. सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. भाऊजी नाक दाबून लांब उभे.

खर्च? आमची हिशोबाची वही सातव्या महिन्यात बंद झाली, ती बहिणीने बंद करायला लावली.

हां, तळाच्या कामाला बोट बाहेर काढावीच लागते, ते खरं. पण सगळं सामान आणि सुतार हजर झाल्यावर, थोडे दिवस, आणि रोज आतून पाणी मारत. बाजू लोखंडी असतील तर गणित वेगळं, पत्र्याची जाडी आधी मोजून घ्या. आणि भागीदार इंजिनियर असेल तर क्रेनवाल्याचा नंबर आपल्याकडेच ठेवा.