क्रँकची पुली लेथवर नेण्याआधी

उन्हाळा तोंडावर आला की इंजिन गरम होण्याचे प्रश्न येतात, ते दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र रावेर-सावद्यापासून नवापूरपर्यंत एकच विचारणा चालू आहे: अंडरड्राइव्ह पुली बसवू का? आणि ज्यांनी बसवून घेतली, ते विचारतात की आता हे काय होतंय.

म्हणून आधी एकदाच सांगतो. इंजिनच्या पुढच्या टोकाला क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, पुली असते. तिच्या पट्ट्यावर वॉटर पंप, फॅन, अल्टरनेटर, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरतो. क्रँकची पुली लहान केली किंवा उपकरणांच्या पुल्या मोठ्या केल्या, की ही उपकरणं हळू फिरतात आणि इंजिनवरचा त्यांचा भार थोडा उतरतो. हीच अंडरड्राइव्ह पुली. ही युक्ती शर्यतीच्या गाड्यांची. तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) असतं आणि शर्यत थोड्या वेळात संपते. केळी भरून दिल्लीला निघालेल्या गाडीचं काम अगदी उलट आहे.

माझी सहा सिलिंडरची गाडी आहे. चारचा ॲव्हरेज देते. ही पुली टाकली की पाच मिळेल, असा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खरं का? (ट्रकमालक, रावेर)

नाही. चारचे पाच म्हणजे त्याच अंतराला डिझेल २० टक्के कमी. भरल्या गाडीत पट्ट्यावरची सगळी उपकरणं मिळूनही सरासरी तेवढी ताकद खात नाहीत, मग ती नुसती हळू फिरवून तेवढी वाचणार कुठून?

अल्टरनेटरचं बघा. हेडलाइट, वायपर, इंजिनचा कॉम्प्युटर यांना लागणारी वीज तेवढीच राहते. अल्टरनेटर हळू फिरला तरी ती वीज त्याला द्यायचीच आहे, म्हणजे इंजिनला तो जड होऊनच फिरणार. बचत जवळपास शून्य. खरी ताकद खातो तो फॅन. त्याचा वेग २० टक्के घटला तर त्याला लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते, हे खरं आहे. पण हवाही २० टक्के कमी येते. जे वाचतं ते गाडीच्या थंडाव्यातून वाचतं, हे व्हिडिओवाला सांगत नाही. शिवाय तुमच्या गाडीला व्हिस्कस फॅन असेल, तर इंजिन गार असताना तो आपोआप मोकळा सुटतो. म्हणजे ती बचत कंपनीने आधीच करून दिलेली आहे.

ॲव्हरेज पडला असेल तर टायरची हवा, एअर फिल्टर, नोझल, टर्बोच्या पाइपची गळती आणि चिकटून राहणारे ब्रेक आधी बघून घ्या. व्हिडिओवर पैसे पाठवण्याआधी गाडी चांगल्या फोरमनला दाखवा.

स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) असताना चार्जिंगचा दिवा मिणमिणतो आणि सकाळी सेल्फ उचलत नाही. पुली महिन्याभरापूर्वी बदलली. बॅटरी खराब झाली का? (पिकअपमालक, पारोळा)

बॅटरी खराब झाली नसेल, तर लवकरच होईल. उदाहरणादाखल हिशेब करा. क्रँकची पुली १६० मिलिमीटरची, अल्टरनेटरची ७० ची आणि स्लो ६५० आरपीएमचा, तर अल्टरनेटर साधारण १,४८५ ने फिरतो. क्रँकची पुली १३० ची केली की तोच १,२०० वर येतो. या पातळीला अल्टरनेटर जेमतेम चार्ज करायला लागतो. बाजार समितीत रांगेत तास दोन तास गाडी चालू ठेवली, दिवे आणि ब्लोअर लावला, की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत जाते.

पण तुमच्या बाबतीत मला बॅटरीची काळजी नाही. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे, त्याच शाफ्टवर असतो. अल्टरनेटर मंदावला की व्हॅक्यूमही उशिरा तयार होतो. उतारावर लागोपाठ ब्रेक मारले तर तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दगडासारखं लागू शकतं. भाडं दुसऱ्याला द्या, पण ब्रेक आणि व्हॅक्यूम तपासल्याशिवाय ही गाडी घाटात घालू नका. मूळ पुली परत बसवून घ्या.

पट्टा किंचाळतो. राळेची पूड टाकली की दोन दिवस गप्प बसतो. (चालक, अमळनेर)

राळ बंद करा. लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी मिळतो, म्हणून तो घसरतो आणि घसरून तापतो. पट्ट्याची लांबी, ताण आणि पुल्यांची सरळ रेष मेकॅनिककडून तपासून घ्या.

गल्लीत वळताना स्टिअरिंग जड लागतं. (चालक, चोपडा)

स्लोवर पंपाचं तेल कमी पडतंय. आधी तेलाची पातळी बघा, बरोबर असेल तर दोष पुलीचा.

शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात काटा लालपर्यंत जातो, सपाटीला आलं की उतरतो. पुली विकणारा म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका. (ट्रकचालक, शिरपूर)

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढू नका. तो काढल्याने इंजिन गार असताना जास्त वेळ गार राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि बीएस-६ गाडीत कॉम्प्युटर दोष दाखवायला लागतो. एका चुकीवर दुसरी चूक चढवून विकणारा आपली पहिली चूक झाकतोय.

सपाटीला ७० च्या वेगाने समोरून वारा मिळतो, म्हणून काटा उतरतो. घाटात गाडी २० ने चढते, इंजिनवर पूर्ण भार असतो, वारा मिळत नाही. तिथे सगळी मदार फॅनवर आणि वॉटर पंपावर असते, आणि तुम्ही नेमके तेच दोन मंद केलेत. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरमधल्या पाण्यात आणि हवेत तापमानाचा फरकच कमी उरतो. त्यातून कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी भरलेलं असेल, तर आत क्षार बसून नळ्या अरुंद झालेल्या असतात. कंपनीची पुली असताना हे सगळं कसंबसं निभत होतं.

काटा चढला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन स्लोवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडू नका. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेली का हे या आठवड्यातच दाखवून घ्या, पुढच्या फेरीनंतर नको. गॅस्केटचा खर्च परवडतो, हेड वाकल्याचा परवडत नाही.

धुळ्यातल्या एका टर्नरने क्रँकची पुली ॲल्युमिनियमची करून दिली, रबराशिवाय. बॅलन्सिंगही केलंय. गाडी मऊ चालते. पण आमचा जुना मेकॅनिक घाबरवतो. कोणाचं ऐकू? (ट्रकमालक, साक्री)

मेकॅनिकचं. आणि हे उत्तर प्रत्येक मालकाने दोनदा वाचावं.

तुम्ही जी काढलीत ती नुसती पुली नव्हती. तिचा मधला भाग आणि बाहेरचं जड कडं यांच्यामध्ये रबराचा थर होता, ते सगळं मिळून डॅम्पर होता. मोठ्या इंजिनांत रबराऐवजी बंद डबीत घट्ट सिलिकॉन आणि जड कडं असतं. काम एकच.

प्रत्येक सिलिंडर पेटतो तेव्हा क्रँकला झटका बसतो आणि ओलं फडकं पिळावं तसा क्रँक किंचित पिळला जातो, मग उलटतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन झटके. १,५०० आरपीएमला सेकंदाला ७५. क्रँकची स्वतःची एक लय असते. झटक्यांची लय किंवा तिची पट त्या लयीशी जुळली, की पीळ प्रत्येक फेऱ्याला वाढत जातो. सहा सिलिंडरचा क्रँक लांब, म्हणून तो जास्त पिळतो. डिझेलचा झटका पेट्रोलपेक्षा जबर. डॅम्परचं जड कडं या पिळाला साथ देत नाही, मधलं रबर ताणलं जातं आणि तो पीळ उष्णता होऊन बाहेर पडतो. डॅम्पर गेला की ही सगळी शक्ती क्रँकच्या पोलादातच मुरते.

बॅलन्सिंगचा याच्याशी संबंध नाही. पुली डगमगू नये म्हणून बॅलन्सिंग, क्रँक पिळू नये म्हणून डॅम्पर. पहिलं करून दिलं म्हणजे दुसऱ्याची गरज संपली, असं सांगून पुली विकली जाते, याचा मला संताप येतो, कारण टर्नरच्या दुकानात ही गोष्ट कोणीच तपासू शकत नाही. आणि "मऊ चालते" याने फसू नका. हा पीळ क्रँकच्या आतला असतो, केबिनमध्ये जाणवत नाही. आधी टायमिंग गिअरचा खडखडाट येतो, पुढचा बोल्ट सैल होतो, चावी (पुली क्रँकवर पक्की धरणारी खिट्टी) झिजते. तोपर्यंत क्रँकच्या गोलाईत बारीक तडा सुरू झालेला असू शकतो. तो काही महिन्यांनी, भरल्या गाडीत, चढावर तुटतो. मग इंजिन उतरवायचं, आणि बऱ्याचदा ब्लॉकही बदलायचा.

पुली आजच काढा. क्रँकचा बोल्ट, चावी, पुढचं सील आणि डॅम्परची जागा इंजिनकाम करणाऱ्या अनुभवी फोरमनला दाखवा. बरेच दिवस चालली असेल तर क्रँकला तडा आहे का, हे मॅग्नेटिक तपासणीतून बघायचं का, तेही त्याच्याशी बोला. इंजिन उघडलं असेल तेव्हा ही तपासणी टाळू नका.

फक्त अल्टरनेटरची पुली थोडी मोठी केली तर? (मेकॅनिक, चाळीसगाव)

क्रँकला हात लावण्यापेक्षा बरं. तरी गरज काय आहे ते आधी सांगा. वर व्हॅक्यूम पंपाचं लिहिलंय, ते वाचा.

ट्रॅक्टरला चालेल का? (शेतकरी, शिंदखेडा)

नको. ट्रॅक्टरला समोरून वारा नसतोच, सगळा थंडावा फॅनचा.

मूळ पुली भंगारात गेली. भंगारवाल्याकडे तशीच दिसणारी आहे, घेऊ? (ट्रकमालक, नंदुरबार)

"तशीच दिसणारी" घेऊ नका. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांचे डॅम्पर बाहेरून सारखे आणि आतून वेगळे असतात, ते त्या त्या क्रँकच्या लयीला जुळवलेले असतात. काही पुल्यांवर टायमिंगच्या खुणा किंवा सेन्सरचे दातेही असतात. जुन्या डॅम्परचं रबर उन्हातेलाने कडक झालेलं असतं, कडं सरकलेलं असू शकतं, सिलिकॉनच्या डबीला हातोडीचा पोचा असेल तर आतलं कडं अडकतं. इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरला जा, पार्ट नंबर जुळवून नवा डॅम्पर घ्या. मॅन्युअलमध्ये बोल्ट नवा घ्यायला सांगितला असेल तर तोही घ्या, आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असलेल्या माणसाकडूनच आवळून घ्या.