बोटाला क्लिप लावून काढलेलं धमन्यांचं वय

प्रश्न : आमच्या सोसायटीत तपासणी शिबिर होतं, तिथे बाबांच्या बोटाला क्लिप लावली आणि दोन मिनिटांत कागद हातात दिला, त्यावर 'धमन्यांचं वय ७४'. बाबा ६२ चे आहेत, शुगर नाही, बीपी १३४/८२. तेव्हापासून जिना चढायलाही घाबरतात, जेवणही कमी झालंय. त्या मशीनवर विश्वास ठेवायचा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बाबांना पोटभर जेवू घाला, तो आकडा म्हणजे आजार नव्हे. क्लिप बोटात उजेड सोडते, दर ठोक्याला बोटात रक्त भरलं की तो उजेड कमी-जास्त होतो आणि त्यातून नाडीची लाट उमटते. या लाटेला दोन उंचवटे असतात, पहिला थेट हृदयाकडून आलेला, दुसरा शरीराच्या खालच्या भागातून परतून आलेला. मशीन बाबांची उंची घेतं आणि या दोघांमधल्या वेळाने भागतं, समजा उंची १.६५ मीटर आणि वेळ ०.२ सेकंद, तर झाले सेकंदाला सव्वाआठ मीटर. रक्त एवढं पळत नाही हं, पळतो तो धक्का, ताणलेल्या दोरीला झटका दिला की झटका पुढे जातो आणि दोरी जागेवरच राहते तसं. धमनी जितकी ताठ तितका धक्का वेगात.

कल्पना खरी आहे आणि जुनीही, फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८६० मध्येच मनगटावरची नाडी काजळी धरलेल्या कागदावर उतरवली होती. मला राग येतो तो त्या 'वय' शब्दाचा. हात गार असला, आत्ताच चहा-सिगरेट झाली असली, रांगेत उभं राहून लगेच बोट पुढे केलं असलं तरी लाटेचा आकार बदलतो, आणि उतारवयात बऱ्याचदा दुसरा उंचवटा पहिल्यात मिसळून जातो, मग वेळ मोजणार कुठून?

शिवाय वयाबरोबर मुख्यतः ताठ होते ती हृदयातून निघणारी महाधमनी, दंडातल्या-मनगटातल्या धमन्या त्या मानाने फार कमी बदलतात. म्हणून डॉक्टरांना खरंच बघायचं असेल तर ते मान आणि जांघ इथे नाडी पोचण्याच्या वेळेतला फरक मोजून धक्क्याचा वेग काढतात, तो सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर गांभीर्याने घेतात.

तुम्ही घरी एवढं करा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बाबांना पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून बीपी लिहून काढा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आठवडा थांबू नका, आजच जा, तसं काही नसेल तर बाबांचं चालणं-फिरणं अजिबात बंद करू नका.