नळाच्या फिल्टरची धार बारीक झाली, आता काय करायचं?

घर, पाणी, दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी टाकी धुण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त नळाच्या तोंडाला लावायच्या छोट्या फिल्टरबद्दल होते. आता हे फिल्टर आठवडी बाजारातही मिळून राहिले, लोक हौसेनं घेतात, लावतात, पण आतली कँडल कधी बदलायची, कशी बदलायची आणि ती नेमकं काय गाळते हे विकणारा सांगत नाही. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतले.

प्रश्न : भाऊ, नळाले फिल्टर लावून दोन-अडीच महिने झाले. सुरवातीले धार मस्त होती, आता एक गुंड भराले अर्धा तास लागते. दुकानदारानं तर कँडल सहा महिने चालते म्हणून सांगतलं होतं. फिल्टरच खराब निघाला काय?
(एक गृहिणी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : ताई, फिल्टर खराब निघाला असं लगेच म्हणू नका. आधी फिल्टर नळावरून काढा आणि मोकळा नळ सोडून पहा. मोकळ्या नळाचीच धार बारीक असेल तर कँडलचा काही संबंध नाही, नळाच्या तोंडातली जाळी फिरवून काढा, तिच्यात रेती, पाइप कापतानाचे प्लास्टिकचे तुकडे, क्षाराची पापडी असं सगळं अडकलेलं असते, ती जाळी तासभर लिंबाच्या रसात नाहीतर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या ब्रशनं घासा, मोकळी होते. कँडल मात्र व्हिनेगरमध्ये बुडवायची नाही हं. आणि मोकळा नळ जोरात, फिल्टर लावला की धार बारीक, असं असेल तर कँडल गाळानं चोंदली, ती बदला.

आता त्या सहा महिन्यांचं. कँडलचं आयुष्य महिन्यात मोजायचंच नसते, लिटरमध्ये मोजायचं असते, आणि तो आकडा डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरात छापलेला असतो. समजा १००० लिटर लिहिलंय आणि तुमच्या घरी पिणं, सैपाक मिळून रोज २५ लिटर लागते, तर ४० दिवसांत ती कँडल संपली. त्यातून भांडी, भाज्या धुणं पण त्याच धारेखाली होत असेल तर अजून लवकर. ज्या फिल्टरला बाजूची खिट्टी असते त्याला धुण्यासाठी ती फिरवून साधं पाणी घ्या, नसेल तर धुण्यासाठी दुसरा नळ वापरा.

आणि हा आकडा बऱ्यापैकी स्वच्छ पाणी धरून लिहिलेला असतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही, कुठे दोन दिवसाआड तर कुठे आठवड्यातून एकदा. लाइन रिकामी राहिली की पाइपातला गाळ सुटतो, जिथं जोड गळका आहे तिथून नालीचं, मातीचं पाणी आत शिरते आणि पाणी सोडलं की ते सगळं पहिल्या धारेत येते. म्हणून पहिल्या दोन-चार बकेटा फिल्टर न लावता काढा, अंगणाला, झाडांना घाला, धार निवळली की मग फिल्टर लावा. जुन्या बाया नळाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधत ते अगदी बरोबर होतं, आजही टाकीत पडणाऱ्या पाइपाला सुती फडकं बांधा आणि ते दर वेळी धुवा. चोंदलेली कँडल फेकायच्या आधी एकदा चाकूनं उभी कापून बघा, बाहेरचा थर काळ्या मातीच्या रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागतो, आणि जरासं आत गेलं की तोच धागा पांढराशुभ्र. म्हणजे आतली कँडल चांगली होती, बाहेरच्या चिखलानं मेली. म्हणून मी तर सगळ्यांना सांगतो की शक्य असेल तर आधी साधी स्वस्त पांढरी धाग्याची कँडल, जिला दुकानात पीपी स्पन म्हणतात, तिचा वेगळा डबा लावा आणि कार्बनची, म्हणजे वास काढणाऱ्या कोळशाची कँडल त्याच्या मागे.

एक प्रेशरचं पण पहा. १० मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण १ किलो प्रेशर मिळते, आपली स्लॅबवरची टाकी नळापेक्षा दोन-तीन मीटरच वर असते, म्हणजे जेमतेम पाव किलो. एवढ्यात नवी कँडलही हळूच चालते, घेताना डब्यावर कमीत कमी किती प्रेशर लागते ते वाचून घ्या. पण त्यासाठी गावाच्या लाइनवर टुल्लू पंप लावायचा नाही, कारण तो ओढतो तेव्हा गळक्या जोडातून घाण आत येते, ती तुमच्या घरी येते आणि शेजाऱ्याच्याही.

प्रश्न : नवीन कँडल टाकली तर पाणी काळसर आलं, नंतर दुधासारखं पांढरं येऊन राहिलं. भेसळीची कँडल असेल का?
(वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत, घाबरू नका. काळसर येते ती कोळशाची बारीक भुकटी. आतला कार्बन म्हणजे खास पद्धतीनं तयार केलेला कोळसाच, त्याची धूळ पहिल्या पाण्यात सुटते. नवी कँडल टाकली की ५ मिनिटं तरी पाणी सोडून द्या, ते प्यायचं नाही, बकेटात धरून झाडाला घाला. पांढरं दिसते ती हवा. एक काचेचा गिलास भरून ओट्यावर ठेवा, खालून वर निवळत गेलं तर हवेचे बुडबुडे आहेत, एक-दोन दिवसांत बंद होतात. वरून निवळत गेलं आणि तळाशी थर बसला तर मात्र तो गाळ किंवा चुना आहे. आणि भरपूर पाणी सोडूनही काळं येतच राहिलं तर कँडल आतून फुटली आहे, दुकानदाराला परत द्या.

प्रश्न : कँडल बदलल्यावर एकदा पाणीच येईना, मग पुन्हा खोलून बसवली तर आता बाजूनं गळून राहिली. पान्यानं आवळली तरी गळतेच. बदलायची बरोबर पद्धत सांगा.
(वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : दादा, पाना आधी बाजूला ठेवा, पान्यानं आवळूनच हे फिल्टर फुटतात. प्लास्टिकचे आटे असतात ते, हातानं आवळायचे. डबा घट्ट बसला असेल, खोलत नसेल, तर नळ बंद करून आधी फिल्टरची खिट्टी किंवा तोंड उघडून आत अडकलेलं प्रेशर जाऊ द्या, मग रबराचा हातमोजा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा डब्याला गुंडाळून उलट्या दिशेला फिरवा, सुटतो.

जुनी कँडल काढली की नवी बसवायची घाई करू नका. डब्याच्या आत हात फिरवा, बुळबुळीत लागलं तर साध्या साबणानं धुऊन तीन-चार पाणी काढा. जुनी ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबराची गोल कडी, वरच चिकटून राहिली का ते बोटानं चाचपा, कारण जुनी वर आणि नवी खाली अशा दोन रिंगा बसल्या की कितीही आवळा, गळणारच. मग ओ-रिंग उजेडात धरून हळूच ताणून पहा. रेतीचा एक कण खाचेत राहिला की रिंगेवर नखानं ओरखडा काढल्यासारखी रेघ उमटते, आणि तेवढ्या रेघेतून थेंब थेंब पाणी येते. खाच पुसून घ्या, रिंग चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर बदला, त्याच मापाची. लावताना पाण्यानं ओली करा किंवा पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस किंचित लावा. गाडीचं ग्रीस, गोडेतेल, व्हॅसलीन लावू नका, त्यानं बऱ्याच प्रकारचं रबर फुगते आणि नरम पडते.

पाणी का आलं नसेल तेही सांगतो. नव्या कँडलला पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असते, काहींच्या दोन्ही तोंडांवर स्टिकर किंवा टोपण असते, ते काढायचं राहिलं की पाणी अडते. दुसरं कारण कँडल उलटी बसणं, तिच्यावर बाण असेल तर तो पाणी ज्या दिशेनं जाते तिकडे पाहिजे. डबा लावताना आधी अर्धा फेरा उलटा फिरवा, आटे जागेवर बसल्याचा टक् असा आवाज येतो, मग सुलटा फिरवा म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत.

गळती नळ आणि फिल्टरच्या जोडावर असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडचे जुने पितळी नळ चोचीसारख्या तोंडाचे असतात, त्याला आटेच नसतात, तिथं रबरी बूच आणि क्लिपचा जोड लागतो. आटे असतील तर टेफ्लॉन टेप फिरवायच्या दिशेनंच चार-पाच वेढे द्या, पण जोडात सपाट वायसर असेल तर टेप लागतच नाही, वायसर नीट बसवा. आणि नळ बंद केल्यावर मिनिटभर जे थेंब पडतात ते आतलं उरलेलं पाणी, ती गळती नाही.

कँडल बसली की डब्यावर मार्करनं तारीख लिहा.

प्रश्न : धार चांगली आहे पण टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास पुन्हा यायला लागला. कँडल धुऊन उन्हात वाळवली तर चालेल का? सासूबाई म्हणतात कशाला नवीन आणता.
(एक वाचक, कारंजा तालुका, जि. वाशीम)

उत्तर : धार चांगली म्हणजे कँडल चांगली असं नाही ताई, ही गोष्ट खूप लोकांच्या लक्षात येत नाही. धार सांगते गाळाचं, वास सांगते कार्बनचं. कार्बन संपला तरी धार तशीच राहते. खात्री करायची असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं औषध असते, पाण्यात क्लोरीन असलं की त्यानं पिवळा रंग येतो, नळाचं साधं पाणी आणि फिल्टरचं पाणी दोन्ही तपासून घ्या, फिल्टरच्या पाण्यालाही पिवळा रंग आला तर कार्बनचं काम संपलं. धुऊन, वाळवून, उकळून तो परत होत नाही. सासूबाईंचं म्हणणं पांढऱ्या मातीच्या म्हणजे सिरॅमिक कँडलला लागू आहे, ती नरम ब्रशनं साबण न लावता घासून पुन्हा वापरता येते, तडा जाईपर्यंत किंवा फार बारीक होईपर्यंत.

पण टीसीएलच्या वासावर राग धरू नका. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पोचलं पाहिजे, तेच जंतू मारते. कार्बन ते काढून टाकतो, मग गाळलेल्या पाण्यात राखण करणारं काही उरत नाही. त्यामुळे गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, माठ झाका, आत हात बुडवू नका, ओगराळं ठेवा. पावसाळ्यात गावात हगवण, कावीळ सुरू असेल तर या फिल्टरच्या भरवशावर राहू नका, पाणी गाळून मग उकळा, खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरते.

प्रश्न : आमच्या गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणतात, पोरांच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग आहेत. एक जण मशीन घेऊन आला होता, त्यानं पाण्यात दोन सळ्या टाकल्या तर आमचं पाणी तपकिरी झालं आणि त्याचं स्वच्छ राहिलं. नळाचा फिल्टर घेतला तर हे जाईल का?
(शेतकरी, केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, नळाच्या साध्या कार्बन फिल्टरनं फ्लोराइड जात नाही. हे मी ठळक सांगतो कारण यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात बऱ्याच गावांत हा त्रास खरा आहे आणि लोक फिल्टर लावून निर्धास्त होतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढते. आयएस १०५०० या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५.

त्या सळ्यांच्या खेळाचं ऐका. त्यातली एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि पाणी तपकिरी होते, ती घाण तुमच्या पाण्यातली नाहीच. त्याचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून विरघळलेले क्षार काढणारं, त्याच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसते. पुन्हा आला तर त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि सळ्या लावायला सांगा, तेही तसंच होते. टीडीएस मीटरनंही फ्लोराइड कळत नाही, ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते.

खरी तपासणी करा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात ५ महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावात कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि पक्का आकडा पाहिजे तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. गावातल्या प्रत्येक बोअरचा, विहिरीचा नमुना वेगळा द्या, कारण एकाच गावात खोल बोअरला जास्त आणि उथळ विहिरीला कमी असं बरेचदा निघते, आणि मग पिण्यासाठी स्रोत बदलणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. घरात काढायचं असेल तर आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर लागतो. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तर आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच बसवली, पण त्यात तुरटीचं प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागते, अंदाजानं करू नका. पोरांच्या दातावरचे डाग फिल्टरनं जाणार नाहीत, पण लहान्यांचे पक्के दात अजून हिरडीत तयार होत असतील तर त्यांना आजपासून दुसरं पाणी द्या, पिण्याचंही आणि सैपाकाचंही.

खारपाणपट्ट्यातल्या ज्यांनी खारेपणाबद्दल विचारलं त्यांनाही हेच, कार्बनच्या कँडलनं खारं पाणी गोड होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं मीठ पाण्यात विरघळलेलं आहे, त्याला आरओ नाहीतर दुसरं पाणी.

प्रश्न : उन्हाळ्यात महिनाभर माहेरी जाते, तेव्हा फिल्टर तसाच ठेवायचा का?
(एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : तसाच ठेवू नका. ओली कँडल बंद डब्यात महिनाभर उकाड्यात राहिली तर आत जंतू वाढतात. जाताना काढून ठेवा, तीन-चार दिवसांसाठी गेलात तर आल्यावर ५ मिनिटं पाणी सोडून मग वापरा, महिना झाला असेल तर सरळ नवी टाका. आणि मे महिन्यात दुपारी स्लॅबवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देते, तेव्हा फिल्टरमधून पाणी घेऊच नका. अशा बऱ्याच फिल्टरांची मर्यादा ३८ अंशाच्या आसपास असते, गरम पाण्यानं प्लास्टिक वाकते आणि कार्बननं धरलेलं पुन्हा पाण्यात सुटू शकते. सकाळी टाकी थंड असतानाच दिवसाचं पिण्याचं पाणी भरून घ्या, टाकीवर तुराट्यांचा मांडव घाला.