तुकोबा कोणत्या तासाचे?

या वेळची बरीचशी पत्रं तुकाराम महाराजांवर आहेत. मुलांना ते मराठीच्या तासाला भेटतात, इतिहासाच्या तासाला भेटतात, घरी भजनात भेटतात आणि पडद्यावरही. ही सगळी माहिती एकाच वहीत एकाच शाईनं उतरली की घोटाळा होतो. म्हणून आजची सगळी जागा तुकोबांना.

प्रश्न : माझ्या मुलीनं नववीच्या प्रकल्पात 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग म्हणून लिहिला. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. माझे सासरे भजनात तो वर्षानुवर्षं म्हणत आलेत, त्यांना वाईट वाटलंय. बरोबर कोण? – एक पालक

बरोबर बाईच आहेत. ते गीत शांताराम आठवले यांचं. प्रभात कंपनीच्या १९३६च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी त्यांनी ते लिहिलं. संगीत केशवराव भोळ्यांचं आणि पडद्यावर गातात विष्णुपंत पागनीस. अभंगाचं वळण आठवल्यांना इतकं साधलं की गाणं चित्रपटातून निघून थेट भजनात जाऊन बसलं. कवीच्या वाट्याला याहून मोठा मान क्वचितच येतो, पण त्यात त्यांचं नाव मात्र पुसलं गेलं, याची मला खंत वाटते. मुलीनं प्रकल्पात ते नाव ठळक लिहावं.

तिला पडताळाही करायला शिकवा. गाथेला अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते, तीत 'आधी' शोधायला सांगा. मग गाण्याचा शेवट पाहायला सांगा : 'तुका म्हणे' तिथे नाही. एवढ्यावर शंका यायला हवी. उलट बाजूही सांगते. 'तुका म्हणे' असलं म्हणजे अभंग तुकोबांचाच, असंही धरून चालू नये. त्यांच्या नावावर रचना खपवणारे आणि त्यांच्या रचना स्वतःच्या म्हणून गाणारे, दोन्ही प्रकार झाले आहेत. दुसऱ्या प्रकारची तक्रार तर गाथेतच आहे.

सासऱ्यांना म्हणावं, भजनात खुशाल म्हणा. भजनात कर्त्याचा दाखला कुणी मागत नाही, प्रकल्पात मागतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. इतिहासाच्या उपक्रमात दुष्काळाची साधनं द्यायची आहेत. मी तुकारामांचा अभंग दिला, तर मित्र म्हणाला, 'कविता हा काय पुरावा?' – एक विद्यार्थी

पुरावा आहे बाळा, आणि भक्कम आहे. फक्त तो कशाचा पुरावा आहे ते तुला सांगता आलं पाहिजे. 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' या अभंगात तुकोबा स्वतःची हकीकत सांगतात. त्यातला हा चरण हळू वाच :

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

क्रम बघ. आधी पैसा आटला. पैसा गेला तशी पत गेली. वाण्याच्या घरात पत जाणं म्हणजे धंदा बसणं. मग घरातलं माणूस गेलं, तेही अन्न अन्न करत. पुढच्याच ओळीत ते म्हणतात की जिवाला लाज वाटते. दुःखाआधी लाज! ज्याच्या दारातून धान्य लोकांकडे जायचं, त्याच्याच घरात भूकबळी पडला, त्या माणसाची ही लाज आहे. असला तपशील दरबारी बखरकाराच्या हाती लागत नाही.

आता या चरणात काय नाही ते बघ. साल नाही, किती मुलुख होरपळला ते नाही. त्यासाठी दुसऱ्या साधनाकडे जायला हवं. १६३०-३२ मध्ये दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता. शाहजहानच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या 'बादशाहनामा'त त्याची नोंद आहे, त्या काळी हिंदुस्थानात फिरलेल्या पीटर मंडी या इंग्रजानंही त्याचं वर्णन केलंय. तुकोबांच्या अभंगातला दुष्काळ हाच, असं अभ्यासक मानतात. उपक्रमाच्या पानावर ही साधनं शेजारी शेजारी मांड. एकातून आपत्तीचा पसारा कळतो, दुसऱ्यातून एका उंबऱ्याच्या आत काय झालं ते कळतं. मित्राला हे पान दाखव.

प्रश्न : चित्रपटात खलनायक सालोमालो आहे, आजी मात्र मंबाजीची गोष्ट सांगते. – सहावीतली वाचक

दोन्ही नावं जुनी आहेत. सालोमालोवर गाथेत तुकोबांचे अभंग आहेत; वर तक्रारीचं म्हटलं ते हेच. मंबाजीनं दिलेल्या त्रासाबद्दल तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी लिहिलंय, पुढे संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनीही. आजीचं चुकलेलं नाही.

प्रश्न : 'तुकाराम महाराज सदेह वैकुंठाला गेले' असं उत्तरात लिहावं का? गुण जातील का? – आठवीतल्या मुलाचे वडील

प्रश्न काय विचारलाय ते आधी बघावं. इतिहासाच्या उत्तरात लिहावं : १६५०, फाल्गुन वद्य द्वितीया; या दिवशी ते सदेह वैकुंठाला गेले अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. 'अशी श्रद्धा आहे' हे शब्द गाळू नयेत. त्यांनी श्रद्धेचा उपमर्द होत नाही, विधान कुणाचं आहे तेवढं कळतं. धर्म आणि परंपरा असा विषय असेल तर हीच श्रद्धा उत्तराच्या मधोमध येईल : बीजेला, म्हणजे याच द्वितीयेला, देहूत लोक का जमतात, दुपारी नांदुरकीच्या झाडाशी फुलं का उधळतात, हे लिहावं. मराठीच्या पेपरात याची गरजच नाही, तिथे अभंगाविषयी बोलावं.

महिपतींचा संतचरित्रांचा ग्रंथ 'भक्तविजय' १७६२चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेला. शतकभर लोकांनी तुकोबांना कसं आठवलं, ते त्यातून छान कळतं. चित्रपटाचंही तसंच. तो १९३६ सालच्या मराठी माणसांचा तुकोबा दाखवतो. मुलांबरोबर तो जरूर पाहावा. अभिनेत्री गौरीनं केलेली जिजाई, म्हणजे तुकोबांची पत्नी, बघा : मूल आजारी पडतं तेव्हा ती हातात वहाण घेऊन विठ्ठलापुढे उभी राहते. संसार कुणी ओढायचा, हा तिचा सवाल आहे, आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलाल तो हसण्यावारी नेत नाहीत. माझ्या मते चित्रपटातलं सर्वांत खरं माणूस तीच. पण प्रसंग घडला का, असं मुलांनी विचारलं तर 'चित्रपटात आहे' एवढंच उत्तर द्यावं.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयासाठी कोणती गाथा घ्यावी? – एक ग्रंथपाल

सरकारी. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखितं ताडून ती सिद्ध केली आणि ती सरकारी मदतीनं छापली गेली. दुसरा खंड १८७३चा. तुकोबांच्या निर्याणाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९५०मध्ये, मुंबई सरकारनं ती पुन्हा काढली. साडेचार हजारांवर अभंग आहेत. दोन प्रती घ्या, आणि एक कपाटात न ठेवता मुलांच्या हाताला लागेल अशी टेबलावर ठेवा.