चालकाविना टॅक्सीचे गणित

प्रश्न : कुडाळ स्थानकावर आमच्या दोन टुरिस्ट गाड्या भाड्याने चालतात, गिऱ्हाईक मुख्यतः मालवण-तारकर्लीचे. मुलगा तिसऱ्या गाडीसाठी पाच वर्षांचे कर्ज काढू म्हणतो. अमेरिकेत चालकाविना टॅक्सी धावू लागल्या आहेत, तेव्हा कर्ज फिटण्याआधीच हा धंदा बुडेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : या भीतीपोटी कर्ज अडवून ठेवू नये, असे माझे मत आहे. वेमो या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये फिनिक्स परिसरात भाड्याची सेवा सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिला सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास भाडे आकारण्याची परवानगी मिळाली, हे खरे. मात्र गाडी धावणे वेगळे आणि धंदा चालणे वेगळे. चालकाचा पगार वाचला, तरी लेझरचे संवेदक, रडार, कॅमेरे आणि संगणक यांमुळे गाडीची किंमत चढते, शिवाय अडलेल्या गाडीला दुरून वाट सुचवणारी, ती धुणारी, चार्जिंगला लावणारी आणि नकाशे अद्ययावत ठेवणारी माणसे लागतातच. यातला बराचसा खर्च गाडी उभी असतानाही चालू राहतो, म्हणून तो भरून निघायला आटोपशीर परिसरात दिवसभर एकामागून एक भाडी मिळावी लागतात. आपल्याकडे मे महिन्यात, गणपतीत आणि डिसेंबरअखेर गाड्या पुरत नाहीत, तर जुलैत मालवणला सोडलेली गाडी बहुधा रिकामीच परतते. भाडे नसेल त्या दिवशी आपला चालक भातलावणीला जाऊ शकतो. संगणकाला ती सोय नाही.

दुसरी जोखीम विश्वासाची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या मोटारीच्या धडकेने समोर फेकल्या गेलेल्या एका महिलेला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीने फरफटत नेले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कंपनीचे परवाने स्थगित केले आणि सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. १,००० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या टॅक्सी व्यवसायातून अंग काढून घेतले. आपल्या देशात तर कायदा परवानाधारक चालक गृहीत धरतो, आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी रोजगाराचे कारण देऊन अशा गाड्यांना जाहीर विरोध केलेला आहे.

कोकणातला पाऊस, रस्त्यावर बसलेली गुरे आणि अरुंद वळणे यांचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यांवर तंत्रज्ञान कधीतरी मात करील. रिकाम्या परतीच्या फेरीवर त्याच्याकडे उत्तर नाही. ती फेरी आपल्यालाही चुकलेली नाही, तेव्हा तिसऱ्या गाडीचा हप्ता जून-जुलैच्या मिळकतीतून निघतो का, एवढे चिरंजीवांकडून कागदावर मांडून घ्यावे.